तीन जिम आणि एकच वही

सकाळचे पावणेसात, आमचं ऐरोलीचं काउंटर. साठीच्या आसपासचे एक काका आले, खांद्यावर नॅपकिन, हातात पाण्याची बाटली, मशीनवर बोट ठेवलं तर लाल लाइट. परत ठेवलं, परत लाल. रिसेप्शनवरच्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमची मेंबरशिप गेल्या आठवड्यात संपलीय." काका म्हणाले, "अगं बाळा, मी नौपाड्याला २२ दिवस फ्रीझ करून घेतली होती, गुडघ्याचं निघालं तेव्हा. तिथल्या मुलीने माझ्यासमोर लिहून घेतलंय." फ्रीझ म्हणजे मेंबरशिप तेवढे दिवस थांबवायची आणि ते दिवस शेवटी वाढवून मिळतात. लिहून घेतलं होतंच, खोटं काही नाही, पण नौपाड्याच्या रजिस्टरमध्ये, मागच्या पानावर, पेन्सिलने. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, नौपाड्याची मुलगी नेमकी सुट्टीवर, दादाचा फोन लागेना आणि काका बाकड्यावर बसून. वीस मिनिटांनी ते उठले, "राहू दे, उद्या येतो" म्हणाले आणि गेले. आले ते चार दिवसांनी, उरलेले पैसे परत मागायला.

दादाच्या तीन जिम आहेत, ठाण्यातली नौपाड्याची जुनी, मग नवी मुंबईत ऐरोली, मग खारघर. मी त्याची धाकटी बहीण, दिवसा एका कंपनीत एमआयएस रिपोर्ट करते आणि रात्री साडेनऊनंतर जिमचं ऑफिसचं बघते. काकांचं झाल्यावर दादा म्हणाला, "एखादं चांगलंसं सॉफ्टवेअर बघ ना तू." गेलं दीड वर्ष तेच निस्तरतेय. ओळखीतले दोघं-तिघं, एकीचे वाशी आणि कोपरखैरण्याला योगाचे क्लास आहेत, एकाची बॅडमिंटन अकॅडमी आहे, तेही सारखे विचारतात की तुम्ही नक्की काय केलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आम्ही जे केलं त्याला शेअर्ड डिजिटल वर्कस्पेस म्हणतात. हा शब्द ऐकला की वाटतं काहीतरी मोठं विकत घ्यायचं प्रकरण असणार. तसं काही नाहीये. सगळ्या ब्रांचची माणसं ज्या एकाच जागी लिहितात आणि काही विचारायचं झालं तर आधी जिथे बघतात, ती जागा म्हणजे वर्कस्पेस. मग ती गूगल शीट आणि ड्राइव्ह असू दे, नाहीतर नोशन, एअरटेबलसारखं दुसरं ऑनलाइन ॲप असू दे. लग्नात आहेराची वही असते ना, अगदी तसं. स्टेजच्या खाली एक मामा टेबल टाकून बसतात, ज्याचं पाकीट येईल त्याचं नाव, गाव, आकडा, सगळं त्या एका वहीत. आता समजा नवऱ्याकडच्यांनी एक वही काढली, नवरीकडच्यांनी दुसरी, शिवाय दोन-चार पाकिटं थेट नवऱ्या मुलाच्या खिशात गेली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना जो गोंधळ होतो तो तुम्ही घरी बघितलेला असेलच. पैसे कुठे गेलेले नसतात, पण कुणी किती दिले ते कुणालाच धड सांगता येत नाही. वही २० रुपयांची होती की २०० ची, ह्याने त्यात काडीचा फरक पडत नाही.

एक जिम होती तोवर दादाला वहीची गरजच नव्हती. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सहा ते दहा तो स्वतः फ्लोअरवर, कुणाची फी बाकी, कुणाचं लग्न ठरलंय म्हणून तीन महिन्यांचं पॅकेज, कुठल्या केबलला आवाज येतो, सगळं डोक्यात. दुसरी ब्रांच उघडली की हे बंद पडतं, कारण डोकं एका वेळी एकाच ब्रांचमध्ये असतं. तिसऱ्या ब्रांचला तर स्टाफ आपापली पद्धत पाडून मोकळा होतो. आमच्याकडे तीन एक्सेल फाइल होत्या. खारघरच्या मुलाने 'शेवटची फी' असा कॉलम केलेला, ऐरोलीत 'बॅलन्स', आणि नौपाड्यात सरळ रंग, पिवळा म्हणजे बाकी, हिरवा म्हणजे पूर्ण, आणि गुलाबी म्हणजे काय ते जिने केलं तिलाच ठाऊक, ती नोकरी सोडून गेली.

मी आल्या आल्या पहिली चूक केली ती अशी की एक गूगल शीट उघडली आणि खाली तीन टॅब केल्या, नौपाडा, ऐरोली, खारघर. दिसायला फार छान दिसतं ते. पण माणसं ब्रांच बदलतात हो, कुणी घर बदलतं, कुणाचं ऑफिस एमआयडीसीकडे जातं, मग त्याची ओळ इथून कापायची आणि तिथे चिकटवायची. चिकटवली, पण इथली पुसायची राहिली. असं करत करत महिन्याच्या शेवटी एकूण मेंबर ९ ने जास्त भरले आणि दादा दोन दिवस खुशीत होता.

हा लेख वाचून एवढं एकच उचललंत तरी चालेल: ब्रांच हा कॉलम आहे, त्याची वेगळी फाइल किंवा टॅब करायची नाही. सगळे मेंबर एकाच टेबलात, आणि त्यात एक कॉलम 'ब्रांच'. माणूस ऐरोलीला गेला तर त्या एका खान्यातलं नाव बदलायचं, बास. ऐरोलीवाल्यांना फक्त ऐरोलीचे बघायचेत तर त्यांना फिल्टर लावून दाखवता येतात. आणि हो, त्या खान्यात ब्रांचचं नाव टाइप करू द्यायचं नाही, ड्रॉपडाउन द्यायचा, म्हणजे ठरलेल्या यादीतूनच निवडायचं. आमच्याकडे एका महिन्यात ऐरोली, एरोली, ऐरोलि आणि नुसतं 'ऐ' असे चार प्रकार सापडले, आणि कॉम्प्युटरला त्या चार वेगळ्या ब्रांच वाटतात.

ह्याच्या पुढची पायरी थोडी डोकं लावायची आहे. मेंबर आणि मेंबरशिप ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस एकच असतो, पण तो तीन महिने येतो, मग श्रावणात गायब, दिवाळीनंतर परत सहा महिन्यांचं घेतो. सगळं त्याच्या एका ओळीत कोंबायला गेलं की कॉलम वाढत जातात, फी १, फी २, फी ३, आणि शीट अशी लांब होते की उजवीकडे सरकवता सरकवता नाव कुणाचं होतं तेच विसरायला होतं. म्हणून दोन टेबलं. एकात माणूस, नाव, फोन, घरचा इमर्जन्सी नंबर, ब्रांच. दुसऱ्यात मेंबरशिप, प्रत्येक वेळी नवी ओळ. दोघांना जोडतो तो मेंबर नंबर. ही कल्पना काही नवीन नाहीये, आयबीएममधल्या एडगर कॉड नावाच्या माणसाने १९७० साली ती कागदावर मांडली आणि आज बँकांसारख्या ठिकाणीही बराच कारभार त्याच तत्त्वावर चालतो. नोशनमध्ये ह्याला रिलेशन म्हणतात, गूगल शीटमध्ये लुकअपचं सूत्र लावून, म्हणजे नंबरावरून दुसऱ्या टेबलातली माहिती शोधून आणून, तेच काम होतं.

आता ते काका घ्या. समजा त्यांचा नंबर १०४७. मेंबरच्या टेबलात १०४७ ची एकच ओळ. मेंबरशिपच्या टेबलात १०४७, सुरुवात १ एप्रिल, मुदत ३ महिने. आणि फ्रीझचं तिसरं छोटंसं टेबल, त्यात १०४७, कधीपासून, २२ दिवस, नोंद कुणी केली. मेंबरशिप संपायची तारीख कुणी हाताने लिहायचीच नाही. सुरुवात, अधिक मुदत, अधिक फ्रीझचे दिवस, ही बेरीज शीट करते, म्हणजे ३० जूनच्या जागी आपोआप २२ जुलै येते आणि ती तिन्ही काउंटरवर एकसारखीच दिसते. नौपाड्याच्या मुलीने पेन्सिलच्या जागी एक ओळ टाकली असती तर ऐरोलीच्या मुलीला तोंडावर पडायची वेळ आली नसती.

मेंबर नंबरवरून आमच्याकडे बरीच वादावादी झाली. दादा म्हणाला मोबाइल नंबरच ठेव की, सगळ्यांकडे असतो. नाही चालत. नवरा-बायको एकच नंबर देतात, कॉलेजची पोरं आईचा देतात, आणि लोक नंबर बदलतात. मग मी हुशारी करून नौ-१३४, ऐ-०५२ असे नंबर पाडले, आणि पहिल्याच महिन्यात नौ-१३४ ऐरोलीला राहायला गेला. तेव्हापासून साधा आकडा, १००१ पासून पुढे, त्यात ब्रांच नाही, वर्ष नाही, काही नाही. जे बदलू शकतं ते नंबरात घालायचं नाही.

एक गोष्ट एकाच जागी लिहायची, ह्याची खरी परीक्षा २०२५ च्या घटस्थापनेला झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम, सलून, योगा सेंटर ह्यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. १२,००० ची वार्षिक फी आधी टॅक्ससकट १४,१६० व्हायची, ती १२,६०० झाली. सरळ आनंदाची बातमी, नाही का? पण आमच्या तिन्ही ब्रांचची बिलं अजून आपापल्या एक्सेल फॉरमॅटमध्येच निघत होती, मेंबरचं टेबल एक झालं होतं आणि बिलाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. नौपाड्याने बदललं, ऐरोलीने बदललं, आणि खारघरला १८ हा आकडा सूत्राच्या पोटात कुठेतरी टाइप करून ठेवलेला, त्यामुळे वर ५ लिहिलं तरी बेरीज जुनीच. चार दिवस. मग एकेका मेंबरला फोन करून फरक परत करायचा कार्यक्रम.

आता रेटचं वेगळं टेबल आहे आणि तिन्हीकडची बिलं तिथूनच आकडा घेतात. त्यात 'कधीपासून' असा कॉलम ठेवलाय, म्हणजे रेट बदलला की जुन्या ओळीवर खाडाखोड न करता खाली नवी ओळ टाकायची, नाहीतर मागच्या वर्षीची बिलं उघडली की तीही ५ टक्क्यांची दिसायला लागतील. पॅकेजच्या किमतींनाही हेच. जाता जाता, ह्या ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे नव्या मशीनवर आणि जागेच्या भाड्यावर जो जीएसटी तुम्ही भरता तो वळता होत नाही, सरळ खर्चात जातो. त्यामुळे खर्चाच्या टेबलात टॅक्ससकट रक्कम धरा आणि सीएशी एकदा बोलून घ्या, आमच्या वहिनीने धरली नव्हती आणि खारघरचा नफा उगाच फुगलेला दिसत होता.

गूगल शीट वापरणार असाल तर दोन खड्डे आधीच दाखवून ठेवते, दोन्हीत मी पडलेय. एके दिवशी सकाळी सातला खारघरहून फोन, "ताई, आपले सगळे मेंबर गेले!" मी झोपेत. लॅपटॉप उघडला तर खरंच, शीटमध्ये फक्त ऐरोलीची नावं. झालं असं होतं की ऐरोलीच्या मुलीने साधा फिल्टर लावला होता, आणि शेअर केलेल्या शीटमध्ये साधा फिल्टर एकाने लावला की सगळ्यांना तेवढंच दिसतं. डेटा मेनूत फिल्टर व्ह्यू म्हणून वेगळा प्रकार असतो, तो आपापला राहतो, दुसऱ्याला त्रास देत नाही. मी प्रत्येक ब्रांचच्या नावाचा एकेक करून दिला आणि काउंटरच्या कॉम्प्युटरवर बुकमार्क करून टाकला.

दुसरा खड्डा तारखेचा. आपण ३/७ लिहितो ते ३ जुलै, पण शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर ती ते ७ मार्च वाचते, आणि कुठेही लाल-बिल दिसत नाही, गपचूप वाचते. १३ तारखेपासून पुढचं मात्र तिला महिना म्हणून बसवता येत नाही, मग ते नुसतं अक्षर म्हणून पडून राहतं. त्यामुळे अर्ध्या मेंबरशिपा चुकीच्या तारखेला संपतात आणि अर्ध्या संपतच नाहीत. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल, म्हणजे देशाची सेटिंग, इंडिया करायचं, आणि हे पहिल्या दिवशी, ७०० ओळी भरून झाल्यावर नाही.

कुणाला काय दिसावं, ह्याचा विचार आम्ही फार उशिरा केला. सुरुवातीला मी सगळ्यांना सगळी शीट देऊन टाकली, घरचीच माणसं म्हणून. एक पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंग देणारा ट्रेनर सोडून गेला आणि पुढच्या महिन्यात आमच्या मेंबरना दुसऱ्या जिमच्या ऑफरचे मेसेज यायला लागले, नावानिशी, पॅकेज कधी संपतंय त्याच्या बरोब्बर आधी. ह्या धंद्यात हे नवीन नाही, ज्याची जिम आहे त्याला विचारा. त्यानंतर मी टॅब लपवून ठेवल्या आणि निश्चिंत झाले, तेही चूक, कारण एडिट करता येणाऱ्या माणसाला लपवलेली टॅब दोन क्लिकमध्ये उघडता येते. प्रोटेक्ट केलं तरी बदलता येत नाही एवढंच, वाचता येतंच. ज्याला दाखवायचं नाही त्याला ती फाइलच द्यायची नाही. ट्रेनरसाठी वेगळी फाइल, त्यात मूळ टेबलातून फक्त मेंबर नंबर, पहिलं नाव, वेळ आणि काय जपायचं एवढंच येतं, फोन नंबर येत नाहीत. मात्र एका फाइलमधून दुसरीत माहिती आणणारं ते इम्पोर्टरेंजचं सूत्र स्टाफला एडिट करता येईल अशा फाइलमध्ये ठेवू नका, नाहीतर आतली वाट त्यांना सापडते, ही फाइल त्यांना फक्त वाचायला द्यायची.

'काय जपायचं' हा कॉलम नाजूक आहे. ट्रेनरला कळायलाच हवं की ह्यांना स्क्वॉट द्यायचा नाही किंवा बीपीची गोळी चालू आहे. पण काउंटरवरच्या मुलीला कशाला? आमच्या फ्रीझच्या टेबलात आधी कारण म्हणून 'गुडघा', 'मूळव्याध', 'मिसकॅरेज' असं सगळं बिनधास्त लिहिलेलं होतं, आणि ती स्क्रीन काउंटरवर उभ्या असलेल्या कुणालाही दिसायची. आता तिथे ड्रॉपडाउन आहे, तब्येत, प्रवास, परीक्षा, इतर. बास. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा झालाय, त्यात लोकांची माहिती घेताना कशासाठी घेतोय ते सांगून संमती घ्यायची आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची. दहावी झाली की पोरं सुट्टीत लोंढ्याने येतात जिमला, त्यांच्या फॉर्मवर आई-बाबांची सही आणि त्यांचाच नंबर हे आम्ही सक्तीचं केलं.

आणि फाइल कुणाच्या नावावर आहे ते बघा, आजच बघा. आमचं शिफ्टचं टाइमटेबल दीड वर्षं एका ट्रेनरच्या स्वतःच्या जीमेलवर होतं, तो बिचारा चांगला, जाताना विचारून देऊन गेला, नाहीतर काही करता आलं नसतं. जिमच्या नावाचं खातं काढायचं, सगळ्या फाइल त्याच्या मालकीच्या, आणि माणूस नोकरी सोडेल त्याच दिवशी संध्याकाळच्या आत त्याचा ॲक्सेस काढायचा, निरोपाचा केक कापून झाल्यावर लगेच.

मशीनची गंमत सांगते. आमच्या प्रत्येक ब्रांचला ट्रेडमिल ३ आहे. ग्रुपवर मेसेज आला, 'ट्रेडमिल ३ बंद', दादाने मेकॅनिकला पाठवलं, तो ऐरोलीला जाऊन चालू मशीनवर पाच मिनिटं चालून आला, बंद होतं ते खारघरचं. आणि ते बिघडतंय हे सगळ्यात आधी साफसफाईच्या मावशींच्या लक्षात आलेलं. त्या आठवडाभर आधीच म्हणाल्या होत्या की पट्ट्याला करपल्यासारखा वास येतोय, म्हणजे खालचं सिलिकॉन ऑइल सुकलं होतं आणि पट्टा घासत होता. पण सांगितलं कुणाला, तर त्या वेळी काउंटरवर जो होता त्याला, आणि तो विसरला.

मग मशीनचं टेबल केलं, प्रत्येक मशीनला स्वतःचा नंबर, कधी घेतलं, एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) कुणाकडे, शेवटचं ऑइल कधी. प्रत्येकावर क्यूआर स्टिकर, स्कॅन केलं की गूगल फॉर्म उघडतो, त्यात मशीन नंबर आधीच भरलेला, फक्त काय झालंय ते निवडायचं, आवाज, वास, बंद, तुटलंय. पहिले स्टिकर मी हँडलवर लावले, घामाने आणि सफाईच्या स्प्रेने पंधरा दिवसांत पुसले गेले. आता पुढच्या खांबावर, आतल्या बाजूने लावलेत. फॉर्ममध्ये फोटो टाकायची सोय पण ठेवली होती, तर मावशींचा फॉर्म उघडेचना, कारण फोटो अपलोड ठेवला की गूगल लॉगिन मागतं आणि त्यांना स्वतःचा पासवर्ड माहीत नाही, मुलाने काढून दिलेलं खातं. फोटो काढून टाकला फॉर्ममधून. आता मावशी आमच्या सगळ्यात जास्त नोंदी करणाऱ्या आहेत, ट्रेनरपेक्षा जास्त, आणि मध्यंतरी त्यांनी गीझरलाही स्टिकर लावायला लावला.

शिफ्टचं टाइमटेबल एकत्र केल्याचा फायदा लगेच दिसला. आधी ऐरोलीचा ट्रेनर आजारी पडला की ऐरोलीवाले आपसातच शोधायचे. आता तिन्हीकडचे ट्रेनर एकाच टेबलात दिसतात, आणि मी त्यात एक कॉलम घातला, राहतो कुठे. कारण ठाण्याहून ऐरोली म्हणजे ट्रान्सहार्बर लोकलने दिघा गाव झालं की पुढचंच स्टेशन, नौपाड्याचा माणूस सकाळच्या बॅचला आरामात पोचतो, पण त्यालाच खारघरला पाठवायचं तर पनवेल गाडीची वेळ बघावी लागते. घणसोलीला राहणारा एक ट्रेनर कागदावर नौपाड्याचा होता, त्याला ऐरोली जवळ पडते हे दोन वर्षं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

व्हॉट्सॲपचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. बंद नाही केलं, बंद होणारच नाही, उगाच त्या फंदात पडू नका. बोलणं तिथेच होऊ दे. फक्त एक नियम, टेबलात नसेल तर ते झालेलं नाही. फ्रीझचा मेसेज ग्रुपवर आला की मी उत्तर देते, 'ओळ टाकली का?' आणि अंगठ्याचं चित्र येईपर्यंत पुढे बोलत नाही. पहिला महिना सगळ्यांनी मला शिव्या दिल्या असणार. लाइट किंवा नेट गेलं तर काउंटरवर एक छापील कागद असतो, तेच कॉलम, हाताने भरायचे, आणि दुपारी दोनच्या आत शीटमध्ये टाकून कागदावर रेघ मारायची.

जिमसाठी तयार सॉफ्टवेअर मिळतात, आम्हीही आता हजेरी आणि बिलिंगसाठी एक घेतलंय, बोट ठेवलं की दार उघडणं वगैरे शीटने थोडंच होणार. पण घेतानाच ठरवून टाकायचं की कुठली माहिती कुठे राहते. आमच्याकडे मेंबर, मेंबरशिप, फ्रीझ, पैसे हे सगळं आता सॉफ्टवेअरमध्ये, आणि मशीन, शिफ्ट, खर्च, नव्या माणसाला काय शिकवायचं ते, हे शीट आणि ड्राइव्हमध्ये. मेंबरची यादी सोयीसाठी म्हणून शीटमध्ये पण कॉपी करून ठेवली की आपण परत दोन वह्यांवर आलो. आणि विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा की आमचा डेटा आम्हाला एक्सेलमध्ये पूर्ण काढून मिळतो का, तिथे तो घुटमळला तर चहा पिऊन निघा.

सुरुवात करताना जुनी रजिस्टरं भरत बसू नका. मी दोन महिने २०१९ पासूनच्या नोंदी टाइप करत बसले होते, त्यातले निम्मे लोक ठाणे सोडून गेलेले. आज चालू आहेत तेवढे मेंबर घ्या, एका ब्रांचला, तेही सगळ्यात शांत ब्रांचला, महिनाभर चालवा, मग दुसरी. जानेवारीत अजिबात सुरू करू नका, काउंटरवर श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि पहिल्या दिवसापासून रोज रात्री कॅश आणि यूपीआय वेगवेगळं मोजून त्या दिवसाच्या बिलांशी जुळवायचं, कारण लोकांचा टेबलावर विश्वास बसतो तो पैसे जुळले की बसतो, आधी नाही.

राहता राहिला दादा. सगळ्या स्टाफला शिस्त लागली, पण दादा तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडीतून फोन करून सांगतो, "अगं, माझा मित्र येतोय, त्याला दोन हजार कमी कर." बिलाचा आकडा आणि रेटचं टेबल जुळेना, दर महिन्याला तोच घोळ. शेवटी मी डिस्काउंटला कारणाचा ड्रॉपडाउन केला, सणाची ऑफर, फॅमिली, रिन्यूअल, कॉर्पोरेट, आणि शेवटी 'दादा'. महिनाअखेरीस रिपोर्ट काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. ४१ डिस्काउंट, त्यातली २३ 'दादा'.

त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ह्यातले पाच-सहा तरी तुझ्या वहिनीचे असतील."

आता ड्रॉपडाउनमध्ये 'वहिनी' पण आहे.